सहलीच्या यादीतला टॉर्च

हिवाळ्यात मुक्कामी सहली निघतात तेव्हा शाळेकडून पालकांना एक पत्रक जाते. त्यात सामानाची यादी असते. अंथरूण-पांघरूण, स्वेटर, ताट-वाटी-पेला, पाण्याची बाटली आणि शेवटी टॉर्च. या शेवटच्या शब्दाविषयी आम्हाला थोडे लिहायचे आहे. विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. पण ज्या वस्तूच्या भरवशावर तीस-चाळीस मुले अंधारात गडाची वाट उतरतात, ती वस्तू आम्ही किरकोळ मानत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, 'टॉर्च' हा शब्द त्या यादीत आला तेव्हाचा टॉर्च आणि आज मुले दप्तरातून काढतात तो टॉर्च, या दोघांची वागणूक सारखी राहिलेली नाही. विशेषतः सेल संपत आले की दोघे अगदी उलट वागतात. म्हणून ती ओळ आता बदलावी.

आधी शब्दांचा एक घोळ मिटवू. आपल्या बेळगाव-खानापूर भागात टॉर्चला सर्रास 'बॅटरी' म्हणतात. 'बॅटरी मार जरा इकडे' असे म्हटले की कोणी आत काय आहे ते पाहत नाही. आत असतो तो 'सेल'. या लेखात आम्ही हातातल्या वस्तूला टॉर्च आणि आतल्या वस्तूला सेल म्हणू, नाहीतर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल.

जुना टॉर्च बहुतेकांच्या घरी होता. पितळी किंवा पत्र्याचा, दोन किंवा तीन मोठ्या सेलांचा, डोके फिरवले की झोत लहान-मोठा होणारा. त्याच्या आत स्प्रिंग, बटणाची पट्टी, सेल आणि बल्ब यांखेरीज काहीही नसे. नवा सेल दीड व्होल्टचा. वापरत जाल तसा त्याचा दाब उतरत जातो, आणि मधे कोणी अडवणारा नसल्यामुळे तो उतार जसाच्या तसा बल्बपर्यंत पोहोचतो. बल्बचा स्वभाव असा की, दाब दहा टक्के कमी झाला तर प्रकाश सुमारे तीस टक्के कमी होतो, आणि दाब निम्म्यावर आला तर प्रकाश जेमतेम दहावा हिस्सा उरतो. त्याबरोबर रंगही बदलतो. पांढरट उजेड पिवळा होतो, मग नारिंगी, शेवटी निखाऱ्यासारखी लाल तार तेवढी दिसते. त्यामुळे घरातल्या आजीलाही, तिने शाळेचे तोंड पाहिलेले नसले तरी, सेल उतरले हे कळत असे. मग ते सेल काढून उन्हात ठेवण्याचा कार्यक्रम होई. त्याला कोणी हसू नये. सेल तापला की आतली रासायनिक क्रिया थोडी वेग घेते आणि थोडा वेळ आणखी निघतो, यात तथ्य आहे.

म्हणजे जुना टॉर्च उजेड देण्याबरोबर आणखी एक काम करत होता. आपल्याजवळ किती उरले आहे, हे तो सतत सांगत होता. हे काम त्याच्याकडून कोणी मुद्दाम करून घेतलेले नव्हते. त्याच्या दुबळेपणातून ते आपोआप होत होते, म्हणून त्याची किंमत कोणी केली नाही.

आता एलईडीकडे येऊ. १९९३ साली जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी तेजस्वी निळा एलईडी तयार केला, १९९६ पासून त्यावर आधारलेले पांढरे एलईडी बाजारात आले, आणि २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघांना निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल मिळाले. हे आमच्या नववी-दहावीच्या मुलांना ठाऊक असते. पण पांढऱ्या एलईडीची एक खोड सहसा सांगितली जात नाही. त्याला साधारण तीन व्होल्ट लागतात. त्याहून बराच कमी दाब दिला तर तो उजळतच नाही, आणि थोडा जास्त झाला तर करंट एकदम उसळून तो जळू शकतो. त्यामुळे दीड व्होल्टचा एक पेन्सिल सेल एलईडीला थेट जोडून काही होणार नाही. मधे एक छोटे सर्किट लागते. ते सेलचा दाब चढवते किंवा उतरवते, आणि एलईडीतून जाणारा करंट ठरलेल्या आकड्यावर धरून ठेवते. एलईडीचा उजेड त्या करंटवर ठरतो. करंट स्थिर, म्हणून उजेडही स्थिर. अशा टॉर्चला रेग्युलेटेड म्हणतात.

सेल नवा असो की अर्धा संपलेला, बाहेर उजेड तोच. ही सोय मोठी आहे. पण आत काय चालले आहे ते पाहा. समजा एलईडीला एक वॉट शक्ती हवी आहे. दीड व्होल्टच्या ताज्या सेलकडून ती घ्यायची तर सुमारे पाऊण अँपिअरच्या आतच करंट पुरतो. तोच सेल उतरून एक व्होल्टवर आला की पूर्ण एक अँपिअर ओढावा लागतो. सर्किटमध्ये वाया जाते ते वेगळेच. म्हणजे सेल जसजसा थकतो तसतशी त्याच्याकडे मागणी वाढते. दमलेल्या बैलाच्या गाडीत आणखी दोन पोती टाकावीत तसा हा प्रकार आहे. जास्त ओढले की दाब आणखी पडतो, दाब पडला की आणखी ओढावे लागते. शेवटची घसरण म्हणूनच एकाएकी होते. तासन्‌तास लख्ख चाललेला टॉर्च थोड्या मिनिटांत, कधी क्षणात, संपतो.

स्वयंपाकघरात याचे उत्तम उदाहरण आहे, आणि त्याचेही नाव रेग्युलेटरच आहे. कंदील किंवा वातीचा स्टोव्ह रॉकेल संपताना काजळी धरत, ज्योत बारीक करत जात असे. गॅसच्या सिलिंडरचे तसे नाही. आत द्रवरूप गॅस आहे तोवर त्याचा दाब जवळजवळ टिकून राहतो, वरचा रेग्युलेटर उरलेसुरले चढउतार काढून टाकतो, आणि ज्योत शेवटपर्यंत निळी राहते. मग भाकरी अर्धी भाजलेली असताना गॅस जातो. यावर आपल्या घरांनी काय केले? कोणी पुन्हा चूल मांडली नाही. सिलिंडर लावला त्या दिवसाची खूण 'कालनिर्णय'वर करायची सवय लावली, आणि जोडीला भरलेला दुसरा सिलिंडर ठेवला. ज्योत सांगत नाही, तर तारखेला विचारायचे. हे शहाणपण आपल्या आई-आजींनी कोणत्याही शिबिराला न जाता कमावले. टॉर्चच्या बाबतीत मात्र ते अजून घराघरांत पोहोचलेले नाही, कारण टॉर्च रोज लागत नाही.

आज निघण्याआधी घरोघरी काय होते? टॉर्च लावून बघतात. लख्ख लागतो. मग पिशवीत टाकतात. जुन्या टॉर्चसाठी ही परीक्षा पुरेशी होती. रेग्युलेटेड टॉर्चसाठी ती परीक्षाच नव्हे. नव्या सेलवर तो जसा लागतो तसाच शेवटच्या दहा मिनिटांतही लागू शकतो. आमच्या सगळ्या म्हणण्याचा गाभा हाच आहे, म्हणून तो पुन्हा सांगतो: टॉर्च लख्ख लागला म्हणजे सेल भरलेले आहेत असे नाही.

बाजारात सगळेच टॉर्च असे नाहीत, हेही सांगायला हवे. रविवार पेठेत किंवा जत्रेत मिळणारे चार्जिंगचे प्लास्टिकचे टॉर्च, ज्यांत चार व्होल्टची शिशाची छोटी बॅटरी असते, ते बहुधा रेग्युलेटेड नसतात. तीन बारीक सेलांचे, डोक्याला बांधायचे स्वस्त दिवेही पुष्कळदा तसेच. ते जुन्या टॉर्चसारखे हळूहळू मंद होतात. पण त्यांच्यावर जुन्या टॉर्चइतका विश्वास ठेवता येत नाही. बल्ब लालसर होई, हा खरा इशारा होता. एलईडी मंद झाला तरी पांढराच राहतो. आणि आपले डोळे प्रकाश मोजण्यात कच्चे आहेत. उजेड सावकाश निम्म्यावर आला तर आपल्या सहसा लक्षातही येत नाही. चौथ्या हिश्शावर आलेल्या उजेडात माणूस 'दिसतंय की' म्हणत चालत राहतो, आणि ज्या दगडावर पाय मुरगळायचा तो दगड त्याला दिसत नाही.

तिसरी जात सर्वांत शहाणी. मोटारसायकलवाल्या पालकांना ती लगेच समजेल. जुन्या गाड्यांना पेट्रोलच्या नळीवर एक कॉक असे. गाडी आचके देऊ लागली की तो 'रिझर्व्ह'वर फिरवायचा. मग पंपापर्यंत जाता येईल इतके पेट्रोल टाकीत आहे, हे कळत असे. चांगले रेग्युलेटेड टॉर्च असेच वागतात. सेल ठरावीक पातळीखाली गेला की सर्किट स्वतःहून उजेड एक पायरी खाली आणते, मग आणखी एक. काही दोन-तीनदा लुकलुकून सांगतात, काहींच्या बटणाजवळ हिरवा-लाल ठिपका असतो. एका लिथियम सेलवर चालणाऱ्या काही साध्या टॉर्चमध्ये तर हे सर्किटच्या स्वभावामुळेच घडते. सेलचा दाब एलईडीला लागणाऱ्या दाबाच्या जवळ आला की नियंत्रण सुटते आणि उजेड सेलच्या पाठोपाठ सावकाश उतरू लागतो. बराच काळ स्थिर, शेवटी मंद. आमच्या मते मुलांच्या हाती द्यायचा तो असाच टॉर्च. खोक्यावर हजार ल्युमेन लिहिले आहेत की पाचशे, हा प्रश्न त्यानंतरचा.

खोक्यावरच्या आकड्यांबद्दलही बोलले पाहिजे. टॉर्च मोजण्याचे एक अमेरिकन मानक २००९ साली आले. त्याला एफएल-१ म्हणतात. त्यानुसार 'किती तास चालतो' याचा अर्थ, उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ. आणि सुरुवातीचा उजेड मोजायचा तो टॉर्च लावल्यानंतर अर्ध्या मिनिटाने. आता यात काय काय दडते पाहा. एक टॉर्च चार तास पूर्ण उजेड देऊन पटकन संपतो. दुसरा तासाभरात निम्म्यावर येतो आणि मग मिणमिणत दहा तास काढतो. खोक्यावर पहिल्यापुढे चार आणि दुसऱ्यापुढे दहा-अकरा तास लिहिलेले दिसतील, आणि दुकानात दुसरा खपेल. काही टॉर्च 'टर्बो' उजेडावर काही मिनिटेच राहतात, कारण एलईडी तापतो. मग ते आपणहून खाली येतात. पण खोक्यावर मोठा आकडा टर्बोचा आणि तास मात्र नंतरच्या उजेडाचे. या मानकात मोजणीचे नियम आहेत, पण संपताना टॉर्च कसा वागेल हे एका आकड्यात मावत नाही. आणि आपल्याकडे फुटपाथवर मिळणारा पुष्कळ माल कोणतेच मानक पाळत नाही. त्यावरचे ल्युमेन हे छापखान्यातच ठरलेले असतात असे म्हणावेसे वाटते. काही उत्पादक माहितीपत्रकात वेळ आणि उजेड यांचा आलेख छापतात. आमची मागणी आहे की प्रत्येकाने तो छापावा. औषधाच्या बाटलीवर मुदत छापतात, मग टॉर्चवर एक वळणदार रेघ छापायला काय हरकत आहे?

कोणता सेल घातला आहे यावरही शेवट ठरतो. साधा किंवा अल्कलाइन सेल उतरत उतरत जातो, त्यामुळे सर्किटला वेळेवर सुगावा लागतो. पुन्हा चार्ज होणारा निकेल-मेटल हायड्राइड सेल बराच काळ १.२ व्होल्टच्या आसपास राहतो आणि शेवटी धाडकन कोसळतो. दाब पाहून सेल किती उरला हे सांगणारा ठिपका अशा सेलच्या बाबतीत फसतो. शेवटपर्यंत हिरवा, आणि मग अंधार. लिथियम-आयनचा सेल ४.२ व्होल्टवरून सुरू होतो. अडीच-तीन व्होल्टच्या खाली तो नेला तर खराब होतो आणि पुढे चार्ज करताना धोकाही संभवतो, म्हणून त्याचे संरक्षक सर्किट पुरवठा सरळ तोडते. हा दोष नव्हे, सुरक्षेची व्यवस्था आहे. पण ती सेलच्या सुरक्षेची. त्या क्षणी पायरीवर एक पाय खाली आणि एक वर असलेल्या मुलाचा विचार तिने केलेला नाही. तो टॉर्च बनवणाऱ्याने अगोदर करायचा असतो.

अचानक अंधार म्हणजे नेमके काय, हे मोठ्यांनाही जाणवत नाही. अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. मंद होत जाणाऱ्या टॉर्चबरोबर डोळेही थोडे थोडे सरावत येतात. पांढऱ्या लख्ख झोतात तासभर चाललेल्या मुलाचा टॉर्च एकदम गेला तर चांदणे असूनही त्याला काही काळ काहीच दिसत नाही. राजहंसगडाच्या वाटेवर, पारगडाच्या पायऱ्यांवर किंवा जांबोटी-कणकुंबीच्या रानात या काही मिनिटांत काय होऊ शकते, ते लिहिण्याची गरज नाही. म्हणून आमची मुलांना पहिली सूचना अशी राहील की, उजेड गेला तर एक पाऊलही टाकायचे नाही. आहे तिथे खाली बसायचे आणि हाक मारायची. पुढचे-मागचे उजेड घेऊन येतील.

आणि हा प्रश्न काही सहलीपुरता नाही. आपल्या शाळेत खानापूर तालुक्यातल्या आणि शहराभोवतालच्या गावांतून पुष्कळ मुले येतात. शेतीपंपांना थ्री फेज वीज अनेकदा रात्रीच्या पाळीत मिळते. त्या वेळी वडील किंवा थोरला भाऊ मोटर सुरू करायला, पाण्याची वाट बदलायला बांधावरून जातो. नाग, मण्यार, घोणस, फुरसे ही विषारी मंडळी आपल्या ओळखीची आहेत. मण्यार तर रात्रीच हिंडते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख मृत्यू झाले असावेत, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज मांडला आहे. त्यांतले बहुतांश ग्रामीण भागातले. बांधावर चालणाऱ्याला पाऊल टाकण्यापूर्वी दोन हातांवरचे गवत स्पष्ट दिसणे, हा त्याच्या जिवाचा प्रश्न आहे.

म्हणूनच 'जुनेच बरे होते' हे म्हणणे आम्हाला मान्य नाही. शिक्षक-खोलीत असे म्हणणारे काही सहकारी आहेत, आणि त्यांच्याविषयी आदर राखून आम्ही हे लिहितो. मंद होणारा टॉर्च सांगत होता हे खरे. पण सांगायला लागेपर्यंत आणि सांगून झाल्यावरही तो अपुरा उजेड देत होता. पूर्ण उजेडाचा काळ सुरुवातीचाच. बाकी सगळा उतार. फुरसे वाळल्या पानांत ओळखू येण्यासाठी पूर्ण उजेड लागतो. तो शेवटपर्यंत देणारा टॉर्च हाच चांगला टॉर्च. फक्त त्याने संपण्याआधी दहा-पंधरा मिनिटे तरी तसे सांगावे, आणि तो सांगणार नसेल तर वापरणाऱ्याने तास मोजावेत. डोळ्यांवर सोडलेले काम आता घड्याळावर सोपवायचे आहे.

'मोबाइल आहे की' असेही पालक म्हणतात. मुलांना सहलीत मोबाइल आणायची परवानगी नाही, तेव्हा हे शिक्षकांपुरतेच. मोबाइलचा दिवासुद्धा रेग्युलेटेडच असतो. तो मंद होत नाही, आणि बऱ्याच फोनमध्ये चार्ज फार उतरला की तो लावूच देत नाहीत. शिवाय रानात मोबाइलचे खरे काम १०८ ला फोन करणे हे आहे. त्याचा चार्ज वाट दाखवण्यात घालवणे आम्हाला पटत नाही.

या सगळ्यावर मुलांनी आमचा शब्द प्रमाण मानू नये. प्रयोग सोपा आहे आणि घरी होतो. रात्री खोलीतले दिवे बंद करून टॉर्च छताकडे तोंड करून उभा ठेवावा. जवळच टेबलावर पालकांचा मोबाइल, प्रकाश मोजणारे ॲप सुरू करून, पडदा वर करून ठेवावा. जागा हलवू नये. दर दहा मिनिटांनी आकडा वहीत लिहावा आणि सकाळी आलेख काढावा. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर प्रकाश. रेघ घसरगुंडीसारखी उतरत आली तर टॉर्च साधा. सपाट जाऊन कड्यावरून कोसळली तर रेग्युलेटेड आणि मुका. सपाट जाऊन मग पायऱ्या दिसल्या तर तो सांगणारा. आलेखावर टॉर्चचे व सेलचे नाव आणि सपाट भाग किती तासांचा आला तो आकडा लिहून कपाटाच्या दाराला चिकटवावा. 'कालनिर्णय'वरची सिलिंडरची खूण ती हीच.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. लिथियम सेलचा टॉर्च गादीवर किंवा कपड्यांत ठेवून झोपू नये. प्रयोगाच्या वेळी मोठे माणूस जवळ असावे. आणि एकापेक्षा जास्त सेल असतील तर उजेड कोसळला की लगेच बंद करावा. आधी संपलेल्या सेलमधून बाकीचे करंट ढकलत राहतात, आणि त्यात तो सेल पाझरतो किंवा कायमचा निकामी होतो. जुने-नवे सेल मिसळून घालू नयेत ते याच कारणासाठी. रेग्युलेटेड टॉर्चमध्ये ती मिसळ बाहेरून कळतही नाही. प्रयोगात एक गंमतही दिसेल. बंद झालेल्या टॉर्चला दहा-पंधरा मिनिटे विश्रांती देऊन सर्वांत कमी उजेडावर लावले तर पुष्कळदा तो थोडा वेळ पुन्हा लागतो. सेल पूर्ण रिकामा झालेला नसतो. मोठी मागणी पुरवण्याइतका तो राहिलेला नसतो, एवढेच. अडचणीच्या वेळी ही माहिती उपयोगी पडेल. पण तिच्या भरवशावर सहलीला येऊ नये.

तेव्हा सहलीच्या पत्रकात यंदापासून 'टॉर्च' या एका शब्दाऐवजी पुढील मजकूर यावा, असे आम्ही मुख्याध्यापकांना आणि पालक-शिक्षक संघाला सुचवीत आहोत: 'एक टॉर्च व त्याला लागणाऱ्या सेलचा एक न उघडलेला जादा संच. चार्जिंगचा टॉर्च असल्यास निघण्याच्या आदल्या रात्री पूर्ण चार्ज केलेला, आणि जोडीला साध्या सेलवर चालणारा दुसरा छोटा टॉर्च. जादा सेल प्लास्टिकच्या पिशवीत वेगळे, नाणी-किल्ल्यांबरोबर नकोत. टॉर्च पूर्ण उजेडात किती तास चालतो हे घरी तपासून त्यावर चिकटपट्टीने लिहिलेले असावे.' शिक्षकांनी रात्रीची चाल ठरवताना गटातला सर्वांत कमी आकडा धरावा आणि त्याच्या निम्म्या वेळात मुक्कामी परतावे. टॉर्च पिशवीत चुकून दाबला जाऊन लागू नये म्हणून मागचे झाकण पाव फेरा सैल करून ठेवावे. इलेक्ट्रॉनिक बटणाचे टॉर्च बंद असतानाही सेल थोडा थोडा खात असतात, तेही बहुतेक टॉर्चमध्ये यामुळे थांबते.

खर्चाचा मुद्दा निघेल. सर्वांना महागडा टॉर्च परवडणार नाही, आणि आम्ही तो मागतही नाही. दोन पेन्सिल सेलांचा जादा संच एका वडापावच्या आसपासच्या पैशांत येतो. एका मोठ्या झगझगीत टॉर्चपेक्षा दोन साधे लहान टॉर्च केव्हाही बरे, कारण दोन्ही एकाच मिनिटाला संपण्याचा संभव कमी. ज्यांना तेही जमणार नाही त्यांच्यासाठी शाळेने दहा-बारा टॉर्च घेऊन प्रयोगशाळेत ठेवावेत. त्यांचे आलेख नववीची मुले काढतील.

प्रयोगशाळेत आलेखांचा एक फळा लावण्याचा विचार आहे. त्यात शेजारी ठेवायला बल्बचा एक जुना पितळी टॉर्च हवा आहे. ज्यांच्या माळ्यावर तो पडून असेल त्यांनी आतले सेल काढून, मुलाचे नाव व तुकडी चिकटवून, येत्या महिन्याअखेर विज्ञान शिक्षकांकडे पाठवावा. सेल आतच पाझरून गंजला असेल तरी चालेल. मुलांना तेही दाखवायचे आहे.